ओढ्याकाठची हाळी

केडगावात जस्टिनच्या घरी टीव्ही लागला, की बातम्या अख्ख्या गल्लीला फुकट मिळत. शेजारी कुरकुरत. ग्रेस, त्याची बायको, डोकं धरून आतल्या खोलीत जाई. "अहो, जरा कमी करा ना!" असं ती म्हणाली, की "एवढासा तर आवाज आहे," म्हणून हा पठ्ठ्या आणखी वाढवी. त्याचा धंदाच डीजेचा. वरात असो, मिरवणूक असो, लोकांच्या खिडक्या थरथरल्या नाहीत तर आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटे. आपल्यालाही तसंच वाटतं का, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

गणपती-नवरात्राचा हंगाम उरकला तशी ग्रेस हटूनच बसली. अकोले तालुक्यातल्या डोंगरात एका ओढ्याकाठी तंबूत राहायची सोय होती. "मला फक्त शांतता पाहिजे," ती म्हणाली. मग ती दोघं, लहानगी एस्तेर आणि जस्टिनचे वडील, निवृत्त शिक्षक थॉमस गुरुजी, असे सगळे निघाले. गाडीत सामानाच्या आधी चढला तो स्पीकर.

तंबूंची जागा सांभाळणाऱ्या सूर्यभाननं आल्याआल्या इथली रीत सांगितली. "वढ्यानं वर जायचं आसंल तर आदी हाळी द्यायची. खालनं कुनी 'ओ' दिली, की मंगच फुडं. हितं धुकं कवा उतरंल, सांगता येत न्हाई. धुक्यात डोळं कामाचं न्हाईत, कान कामाला येत्यात."

"काका, आमचा आवाज पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल!" जस्टिन हसला.

आणि दुपारी त्यानं ते खरं करून दाखवलं. स्पीकर धडधडू लागला. झाडावरची पाखरं उठून गेली. पाण्याची झुळझुळ तर कुठल्या कुठे गेली.

"जस्टिन, बंद कर ते," गुरुजी म्हणाले.

"पप्पा, गाण्याशिवाय सहलीला काय मजा?"

"गाण्याला कोण नको म्हणतंय? मी आयुष्यभर चर्चमध्ये गायलो. पण गाणाऱ्यानं दुसऱ्याचा सूर ऐकायचा असतो रे. आपला आवाज वाढवला म्हणून आपण मोठे होत नाही, बाकीचे तेवढे मुके होतात!"

जस्टिननं मान डोलावली आणि आवाज होता तसाच ठेवला. गुरुजी नातीला घेऊन खालच्या अंगाला खडे वेचायला गेले. ग्रेसचं कपाळ ठणकत होतं. तिनं कळशी उचलली, वर स्वच्छ पाणी आहे तिथून भरून आणते अशी नवऱ्याला खूण केली आणि निघाली. वळणावर थांबून तिनं हाळी दिली, "ओऽऽ!" खालून आली ती नुसती धडधड. तिनं पुन्हा हाळी दिली. मग, घरी तरी कुठे ऐकतात, असं स्वतःशीच म्हणून ती पुढे गेली.

आणि धुकं उतरलं. बघता बघता समोरचं झाड दिसेना. गुरुजी आणि एस्तेर चाचपडत तंबूपाशी आले.

"ग्रेस कुठंय?"

"पाण्याला गेलीय वर. येईल."

"कधीची गेलीय? तिच्या हाळीला तू 'ओ' दिलीस का?"

जस्टिननं वरच्या वाटेकडे पाहिलं. सूर्यभान धावत आला. "आदी त्यो डब्बा बंद करा! वरच्या वाटंच्या कडंला सरळ कडा हाय!"

जस्टिननं स्पीकर बंद केला. सगळे कान देऊन उभे राहिले.

"काहीच ऐकू येत नाही," जस्टिन पुटपुटला. "पप्पा, काहीच ऐकू येत नाही हो! ती पडली तर नसेल?" आणि तो सैरावैरा उजवीकडे पळत सुटला.

"पप्पा, तिकडे नाही!" एस्तेर किंचाळली. "मम्मी डावीकडून हाका मारतेय! तुम्हाला ऐकू येत नाही का?"

सूर्यभाननं त्याला दंडाला धरून मागे खेचलं. त्याच्या पायाखालचा एक धोंडा घरंगळला आणि धुक्यात नाहीसा झाला. जस्टिन मटकन खाली बसला. पोरीला ऐकू येत होतं. सूर्यभानला येत होतं. सत्तरीच्या बापाला येत होतं! फक्त त्यालाच येत नव्हतं. इतकी वर्षं भोंग्यांपुढे उभं राहून आपले कान गेले, हे त्याला त्या कड्यावर कळलं.

"ऊठ," गुरुजी म्हणाले. "पोरीचा हात धर."

एस्तेरचा हात धरून तो निघाला. ती थांबे, ऐके, ओढी. तो आंधळ्यासारखा मागे जाई. सूर्यभान पुढून वाट दाखवत होता. ओढ्याच्या वरच्या वळणावर ग्रेस सापडली. पाय दोन खडकांत अडकलेला, कमरेपर्यंत गार पाणी, ओठ निळे पडलेले. दोघांनी मिळून धोंडा हलवला आणि तिला बाहेर काढलं.

"किती हाका मारल्या हो!" ती रडत म्हणाली. "गाणं मला इथं स्पष्ट ऐकू येत होतं. मला वाटलं, आता कुणीच येत नाही."

तिचे गारठलेले पाय जस्टिननं आपल्या मांडीवर घेतले आणि चोळत राहिला. "चुकलो गं, ग्रेस," एवढंच तो शेवटी म्हणाला.

केडगावला परतल्यावर तो आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेला. गेलेलं सगळं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आता भिंती हलवणारी मिरवणूक तो घेत नाही. "लोकांना घरात एकमेकांच्या हाका ऐकू आल्या पाहिजेत," असं तोंडावर सांगतो. काही गिऱ्हाइकं हसतात आणि दुसरीकडे जातात. जाऊ द्यात! मित्रहो, आपल्या आनंदाच्या गोंगाटाखाली कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण मदतीसाठी ओरडतंय, हे आपल्याला कधी कळणार? आनंद जरूर करा, पण दुसऱ्याची हाक बुडेल एवढा नको.

हे शहाणपण मात्र त्याला त्या ओढ्याकाठीच, दुसऱ्या दिवशी सकाळी आलं होतं. धुकं निवळलं होतं. एस्तेर आजोबांबरोबर पाण्याला गेली आणि वळणावरून तिनं हाळी दिली, "ओऽऽ!" जस्टिनला ती ऐकू आली नाही. लंगडत आलेल्या ग्रेसनं त्याच्या खांद्याला हात लावला. तो ताडकन उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्यानं उत्तर दिलं.

"ओऽऽ! ये गं पोरी, मी इथं आहे!"