जेवढी चूक, तेवढी जागा

तिचं खरं नाव आता फक्त बँकेच्या पासबुकावर उरलं होतं. शिवणकाम करायची, गळ्यात कायम टेप, म्हणून सगळे टेपताईच म्हणायचे. त्या टेपने ती गिऱ्हाइकांची मापं घ्यायची आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांची. चुकीची बातमी केवढी छापली आणि दुरुस्ती केवढी, हे मोजून वहीत लिहून ठेवायची.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं नऊ वर्षांपूर्वी. दवाखान्यातली औषधं चोरणाऱ्या माणसाची बातमी पहिल्या पानावर आली, चार कॉलम, आणि फोटो छापला तिच्या धाकट्या भावाचा! तोही तिथेच औषधं द्यायचा, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. दोन दिवसांनी दुरुस्ती आली, ती नवव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली. खिशाच्या झाकणाएवढी. ती वाचतंय कोण?

भाऊ नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला, तिथे एका शाळेचं कोठार सांभाळू लागला. आई एका शब्दाने काही बोलली नाही. पेपर वाचणं मात्र तिने त्या दिवसापासून सोडलं, चष्मासुद्धा कपाटात टाकला. आणि भाऊ भेटायला आला की कपाटाला कुलूप लागायचं, किल्ली आईच्या उशाखाली जायची. ते सगळ्यांना दिसायचं. बोलायचं कुणी?

टेपताईने मग चळवळच उभी केली. चूक जेवढ्या जागेत, दुरुस्ती तेवढ्याच जागेत, त्याच पानावर. वकीलबाई सोबतीला होत्या. कुठल्या देशात वाचकांचा माणूस पेपरच्या कचेरीत बसतो, कुठे वाचकच वर्गणी काढून पेपर चालवतात, ते सगळं त्या सांगायच्या आणि टेपताई काजं करता करता ऐकायची. सह्यांच्या मोहिमा झाल्या, संपादकांच्या दारात धरणं धरून झालं, चपला झिजल्या. बैठकीला साठ माणसं यायची ती सातावर आली. आणि अखेर वर्तमानपत्रांच्या तक्रार मंडळाचा हुकूम निघाला: भावाच्या बातमीची दुरुस्ती छापा, पहिलं पान, चार कॉलम, फोटोसकट.

आज वकीलबाई उद्या छापायच्या त्या पानाच्या दोन नमुना प्रती घेऊन आल्या. पाचच्या आत तक्रारदार म्हणून ताईची सही हवी होती. भावालाही तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. केवढी हौस!

भावाने प्रत हातात घेतली. वर ठळक मथळा, 'हा माणूस चोर नव्हता', आणि खाली नऊ वर्षांपूर्वीचा तोच फोटो. तो शिलाई मशीनच्या स्टुलावर बसला.

"ताई, शाळेत कुणालाच माहीत नाही गं. बायकोच्या माहेरीही नाही. उद्या हे आलं की सगळे विचारणार, तू नव्हतास तर फोटो कसा आला?"

"अरे, तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं!"

"मला कधी विचारलंस?"

चळवळीच्या मागण्यांमध्ये तिसरी मागणी टेपताईनेच हट्टाने घातली होती: कुणाचाही फोटो छापण्याआधी त्याला विचारा. संपादकांच्या नाकासमोर बोट नाचवून ती हे ओरडली होती. आणि घरात? नऊ वर्षांत एकदाही नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, नीट विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्या तक्रारीमागे इतरांच्या एक्केचाळीस तक्रारी अडकल्यात. पेपरवाले म्हणतील, तक्रार करणारीलाच नको होतं. परत पहिल्यापासून सुरुवात."

ते खरंच होतं. त्या एक्केचाळीस जणांना ती नावानिशी ओळखत होती. डोळे मिटून तिथेच कापडांवर आडवं व्हावं, असं तिला वाटलं.

"छापू का रे?" तिने विचारलं.

"नको."

तिने एका प्रतीवर 'छापू नये' लिहिलं आणि सही केली. वकीलबाईंनी कागद पिशवीत घातला. रागावल्या होत्या, पण दारात थांबल्या.

"सोमवारी बैठक आहे. याल ना?"

"येते की. दुसरं जमतंय काय मला?"

दुसरी प्रत मशीनवरच पडली होती. भावाने ती उचलली आणि आतल्या खोलीत आईकडे गेला. टेपताई दारात उभी राहिली.

आईने पान हात लांब करून धरलं. अक्षरं तिला लागेनात, पण फोटो ओळखला.

"परत छापलं मेल्यांनी?"

"नाही गं. छापणार नाहीत. हे एकच पान आहे, तुझ्यासाठी. वाच तरी."

आईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने उशाखाली हात घातला, किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"चष्मा कपाटात आहे."

भाऊ किल्ली हातात घेऊन नुसता उभा.

"काढ ना रे," आई म्हणाली. "वरच्या फळीवर बघ, औषधांच्या मागे."