नऊ पाण्यांतली तरफास

तीस वर्षं दर वसंतात मोरोक्कोतल्या आमच्या बुआर्फाच्या गुरुवारच्या बाजारात माझं एकच काम असे: टोपली धरणं. तरफास, म्हणजे वाळूखालून उकरून काढलेली ट्रफल अळंबी, निवडायचं काम मीलूदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ती एकेकीवर अंगठा फिरवी, वास घेई, विक्रेत्या बूजमाच्या मालाला नावं ठेवी आणि शेवटी त्याच्याचकडून घेई. मी मत दिलं तर दोघंही माझ्याकडे सारख्याच दयेने बघत.

यंदा मी एकटा. मीलूदा जाऊन दहा महिने झाले. आमची लेक इकराम कासाब्लांकाहून एका दिवसासाठी येणार होती. आईविना घर बघवत नाही, यापुढे येणं जमणार नाही, असं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, तरफास करतो, जेवून तर जा. ती बरं म्हणाली. लेक राहणार की जाणार, हे आता बटाट्यासारख्या दिसणाऱ्या एका वस्तूवर होतं.

बाजारात मी वास घेऊन बघितला. वाळूचा आला.

"सी तय्यब, नाक राहू द्या," बूजमा म्हणाला. "लाल्ला मीलूदा कुठे? यंदा अजून मला कुणी चोर म्हटलं नाही."

मी सांगितलं. पुढचा ढीग बाजूला सारून त्याने मागच्या पोत्यातून टोपली भरली. मागे वेगळं पोतं असतं, हे मला तीस वर्षांनी कळलं.

तरफास वाळूसकटच घ्यायची. धुतलेली टिकत नाही. मीलूदा सात पाण्यांत धुवायची, तरी माझ्या दाताखाली कचकन व्हायचंच. तक्रार केली की म्हणायची, "वाळू नाही ती. तुमचा दात असेल." आता सत्ता माझ्या हाती होती. मी नऊ पाण्यांत धुतली, दाताच्या ब्रशने घासली, सोलली. मग मटण, कांदा, सुंठ, केशर.

इकराम जेवायला बसली. "चांगलं झालंय, बाबा," म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं. नजर दाराजवळच्या बॅगेवर.

आणि चावता चावता थांबली. आवाज मलाही आला.

"बाबा, वाळू."

"तुझा दात असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, बाहीने डोळे पुसले, पावाचा मोठा तुकडा मोडून रश्शात बुडवला.

"पुढच्या वसंतात मी निवडीन," तोंडात घास ठेवूनच ती म्हणाली. "तुम्ही टोपली धरा."

माझी बढती एका दिवसात संपली. मी हरकत घेतली नाही.