स्वच्छ जागेवरचे बोट

बाण हनुवटीपाशी येऊन थांबला, आणि जरा जास्तच थांबला. पांढरा, मुंगीएवढा बाण, मंजूच्या हाताखालच्या माऊसने हलणारा. कपाळावरून उतरला, नाकातल्या फुलीला वळसा घालून गालावर आला आणि रुख्मिणीबाईच्या हनुवटीखाली असा उभा राहिला, जसे कुणी दारात उभे राहून 'या' म्हणायची वाट बघावी. हनुवटी गुळगुळीत होती. शेजारी ठेवलेल्या जुन्या फोटोत — कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीतून कापून काढलेल्या त्या चेहऱ्यावर — तिथेच गोंदणाचे तीन हिरवट ठिपके होते. स्क्रीनवर नव्हते. सुशिलाबाईंना ते पहिल्या नजरेत दिसले. म्हणजे त्यांचे नसणे दिसले. 

चूक, आणि एवढी मोठी? एवढी समोर आणून ठेवलेली?

"पाहून घ्या, आई," मंजू म्हणाली. "उद्या तेरवी आहे. बिरसीवरून केवळराम आज चार वाजता येणार, त्याच्या मायचा फोटो न्यायला. तुम्ही हो म्हटलं की प्रिंट मारते."

तुम्ही हो म्हटलं की. गोरेगावच्या बाजारात, एसटी स्टँडासमोरच्या या स्टुडिओत, सुनेने बनवलेला एकही फोटो सासूच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सुशिलाबाईंची शाळा तिसरीत सुटली, पण चेहरा त्यांना पोथीसारखा वाचता येतो. कुठे काना राहिला, कुठे मात्रा जास्त झाली, ते त्या बोट ठेवून सांगतात. सुनेला सांगताना त्या गोड बोलत नाहीत. गोड बोलून कुणाचा हात सुधारल्याचे त्यांनी पाहिलेले नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "होऊ दे."

बाण हलला नाही.

"पक्का ना?"

"मले दोनदा बोलायची सवय नाई."

मग मंजूने मान हलवली आणि फोटो बंद केला. सुशिलाबाई काउंटरमागच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदर सारखा केला. पक्का ना... का विचारले तिने? आठ वर्षांत कधी विचारले नव्हते. चूक सापडली नाही म्हणून विचारले? ठेवलेली वस्तू जागेवर नाही सापडली की माणूस विचारतो, तसे?

संशय आजचा नव्हता. दिवाळीनंतर सुशिलाबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा अजून तसाच आहे, आणि तेव्हापासून मंजूने वाद घालणे सोडले. त्याआधी घालत होती. गोंदियाची पोरगी, तोंडाने फाटकी, अर्धे हिंदी अर्धे मराठी — 'आई, तुमचा जमाना गेला, आता लोकांना असंच चिकना पाहिजे' — असे तोंडावर म्हणायची, नाक लाल व्हायचे तिचे. मी दोन सुनवायची, ती दीड सुनवायची, आणि त्या भांडणातून फोटो चांगला निघायचा. आता नुसते 'हो आई, नजर चुकली.' ज्या सुनेला राग येईनासा होतो तिने एकतर सासूला देव मानलेले असते, नाहीतर मेलेली. देव मानावे एवढी मी भली नाही.

आणि चुका. मागच्या महिन्यात एका नवरदेवाच्या कोटाला दोन्हीकडे गुंड्या. त्याआधी एका म्हातारीच्या एकाच कानात बाळी. त्याआधी एका जोडप्यात नवऱ्याची सावली डावीकडे पडलेली आणि बायकोची उजवीकडे, जसे घरात दोन सूर्य. दर खेपेला एक. आणि दर खेपेला एवढी, की एका डोळ्याच्या बाईलाही दिसावी. चुकणाऱ्या माणसाच्या चुका अशा रांगेने येत नाहीत. त्या बाजारातल्या माणसांसारख्या येतात, कधी चार एकदम, कधी दिवसभर एक नाही. चंद्रकुमार, पोटचा पोरगा, लग्नाच्या शूटिंगला निघताना एकदा पडद्याआडून बायकोला म्हणाला होता, "आईले दाखवत जा वं, तिले बरं वाटते." बरं वाटते! मी काय तापाने फणफणली आहे, की मला बरं वाटावे? त्या दिवसापासून ते दोन शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखे जिभेला लागतात.

आणि आज गोंदण. सगळे सोडून गोंदण... मंजू लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलेली पहिली गोष्ट ती. मी शिकले तीसुद्धा पहिली तीच.

चंद्रकुमारचे बाबा, केशोराव, तेव्हा हातानेच सगळे करायचे. तिरप्या चौकटीवर निगेटिव्ह, खाली बल्ब, आणि पेन्सिलीचे शिसे पॉलिशपेपरवर घासून घासून सुईसारखे केलेले. निगेटिव्हवर काळे केले की फोटोत गोरे होते — हे उलटे गणित मला तिसरीतल्या कुठल्याही गणितापेक्षा लवकर कळले. पहिलीच निगेटिव्ह हातात दिली ती कोहळी समाजातल्या एका बाईची. मी मोठ्या उमेदीने तिच्या तोंडावरचे सगळे डाग भरले. केशोरावांनी ती खिडकीकडे धरली. ते रागावत नसत, शाबासही म्हणत नसत. नुसते बोट ठेवत. हनुवटीवर ठेवले.

"हा डाग नोहोय. गोंदण आहे. बाई मेली का सोनं काढून घेतेत, लुगडं काढून घेतेत, येवढंच संग जाते. ते तू खोडून टाकलं."

तेलाच्या बोळ्याने ते शिसे पुसताना माझे डोळे भरले होते. पण पुन्हा आयुष्यात गोंदण खोडले नाही. हे सगळे मंजूला सांगितले होते, याच खुर्चीत बसून. ती ऐकताना हातातले काम थांबवून बसली होती. ती विसरेल? कंप्युटर विसरेल एक वेळ — एका बटणात तो सगळा चेहरा सारवलेल्या अंगणासारखा करून टाकतो, त्याला मस काय अन् गोंदण काय — पण ती?

वरून बिरसीच्या धावपट्टीवरचे शिकाऊ विमान घरघरत गेले, काउंटरची काच थरथरली. दोन वाजले होते. आत मंजू दुसरे काम काढून बसली होती. पाठ दिसत होती तिची. पाठीवरून काही कळत नाही. तिने नसेल पाहिले तर? खरेच नजर चुकली असेल तर? तर मग ही डोळस बाई, ही मी, आपला मान जोखायला एका मेलेल्या बाईला बिनगोंदणाची भिंतीवर टांगणार. उठावे, सांगावे.  उठले तर ती चुका मुद्दाम ठेवते का, ते कधीच कळणार नाही... आणि कळलेच पाहिजे का? पाहिजे. कारण ही युक्ती माझी आहे.

हो, माझीच. केशोरावांचे हात कापायला लागले, डोळे पांढुरले, तेव्हा काम मी करायची आणि खाटेवर त्यांना दाखवायला न्यायची. आणि प्रत्येक निगेटिव्हमध्ये एक जागा मुद्दाम ठेवायची. कानाजवळ, नाहीतर भुवईवर, त्यांना सापडेल अशी. ते बोट ठेवायचे, "इथं." मी म्हणायची, "हो, नजर चुकली." हेच शब्द. अगदी हेच. एकदा पोपटाच्या शेंगा सोलता सोलता मी हे मंजूला सांगितले होते, फुशारकीने, नवऱ्याचा मान कसा राखावा म्हणून. हसली होती ती. शेंगा सोलायच्या थांबली नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नव्हती. तिलाच काय, कुणालाही. त्या शेवटच्या थंडीत एका मास्तराची निगेटिव्ह त्यांना दाखवली. मी कानाजवळ जागा ठेवली होती. त्यांनी बोट ठेवले ते गालावर, जिथे काहीच नव्हते, नितळ, माझ्या हाताचे सगळ्यात चांगले काम होते तिथे. "इथं." आणि मी, न बघता, "हो, नजर चुकली." त्यांनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. निगेटिव्ह परत दिली, भिंतीकडे कूस वळवली, आणि त्यानंतर कधीच काही दाखवायला मागितले नाही. मी धरून चालले की दुखणे वाढले. लोकांनाही तेच सांगितले. आज वीस-बावीस वर्षे तेच सांगत आले...

सुशिलाबाईंनी पदराने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

साडेतीनला आतले यंत्र किरकिरले. मंजू मोठा प्रिंट दोन्ही हातांनी काठांना धरून घेऊन आली आणि काउंटरवर ठेवला. रुख्मिणीबाई बघत होती. हनुवटीवर तीन ठिपके होते. हिरवट, किंचित पसरलेले, पन्नास वर्षे कातडीत मुरलेल्या गोंदणासारखे, जागच्या जागी.

मंजूने प्रिंटचे काठ सारखे केले. 'तुम्हाला दिसलं नाही' म्हणाली नाही, 'माझ्याकडून राहिलं होतं' म्हणाली नाही. म्हणजे चूक मुद्दाम ठेवलीच होती? की मागाहून जुन्या फोटोशी ताडून पाहिले आणि दिसले? आणि दिसले तर ही मुकी का? सासूची नजर गेली असे समजून, दया करून मुकी? उद्यापासून ती याहून मोठी चूक ठेवील. मग त्याहून मोठी. एक दिवस बिनडोळ्यांचा माणूस आणून समोर ठेवील आणि मी बोट ठेवीन, आणि ती म्हणेल...

सुशिलाबाईंनी हात पुढे केला. बोट ठिपक्यांवर गेले, तिथे थांबले नाही, वर सरकले आणि रुख्मिणीबाईच्या डाव्या गालावर टेकले. तिथे काहीच नव्हते. सुरकुत्या होत्या, त्यांच्या वयाच्या होत्या, उजेड बरोबर होता. चांगले काम होते. पोरीच्या हाताचे सगळ्यात चांगले.

"इथं," त्या म्हणाल्या.

आता ती म्हणेल. ते तीन शब्द. सुशिलाबाईंचे बोट गार पडले होते, आणि त्यांना एकदम कळले की खाटेवरचे केशोरावांचे ते बोटही असेच गार असणार.

मंजूने काउंटरवर हात टेकले. ती वाकली. आणखी वाकली; केसांचा, खोबरेल तेलाचा वास आला. जुना फोटो ओढून प्रिंटशेजारी लावला, एकदा इकडे, एकदा तिकडे. बाहेर एसटी येऊन थांबली, उतारू उतरायला लागले, कदाचित केवळरामही. ती बघतच होती.

"कुठं?" कपाळाला आठी घालून ती म्हणाली. आवाजात जुनी धार होती, नाकाचा शेंडाही जरा लाल. "मला तर काही नाही दिसत आहे, आई. काय आहे तिथं? नीट सांगा ना."

सुशिलाबाईंनी बोट उचलले नाही. ही धारही ठेवलेली असेल... असेलही. पण बघितले तिने. मी त्या दिवशी बघितले नव्हते. नुसते बघायचे होते एकदा, खिडकीकडे धरून, आणि म्हणायचे होते, तिथं काही नाही जी, तुमचंच चुकलं.

"थांब," त्या पुटपुटल्या, "मलेही पाहू दे," आणि चष्मा सावरून, मंजूच्या डोक्याशेजारी डोके आणून, त्या त्या स्वच्छ गालावर वाकल्या — जसे तिथे खरेच काहीतरी राहून गेले होते.