पिवळीच्या ब्रेकला दसऱ्याचं तेल

मित्रांनो, जरा बाजूला व्हा बरं, मी येतेय! घाबरू नका, आता मला थांबता येतं. हे वाक्य मी उठता-बसता म्हणते, कारण एके काळी मला ते छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मी एक जुनी स्पोर्ट्स गाडी. रंग पिवळाधमक, दारं दोन, सीटही दोनच, आणि इंजिन असं जोरकस की ते सुरू झालं की सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीतली पोरं ताटावरून उठून धावत येतात. पिवळी हे नाव त्यांनीच ठेवलंय. कारखान्याने दिलेलं नाव भलतंच लांबलचक होतं, ते मी केव्हाच विसरले.

तो कारखाना दूर परदेशात. मला घडवणाऱ्यांनी वेग द्यायला हात आखडता घेतला नाही, पण त्यांच्या डोळ्यांपुढे होते गुळगुळीत, सपाट रस्ते. सुरतेला मला एका हिरे व्यापाऱ्याच्या मुलाने आणलं. संध्याकाळी डुमसच्या रस्त्याने फेरी, लोकांचे फोटो, वाहवा! माझे पाय जमिनीवर नसायचे. मग त्या मुलाला दुसरी गाडी आवडली आणि माझ्यावर कापड पडलं. कापडाखाली वर्षं गेली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर बसले. कुणी साधं दार उघडून पाहीना. फार वाईट वाटायचं हो!

मग एक दिवस कापड उचललं गेलं आणि समोर धनश्री. इच्छापोरच्या एका कारखान्यात ती इंजिनियर आहे. तिने मला पाहिलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. तिने मला विकत घेतलं, वायरी आणि टायर बदलले आणि घरी आणलं तेव्हा तिची आई सरलाबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात उभी, आणि वडील भाईदास, म्हणजे तिचे नाना, कपाळाला हात लावून. नानांचं सारं आयुष्य लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, कारखान्यात गेलं. लूममास्तर होते ते. मागाचा आवाज बिघडला की दुरून ओळखायचे. पण मला बघून म्हणाले, "एवढी महागामोलाची गाडी, आनि बसनार फक्त दोन जन?"

तरी बसले बरं का! सटाण्याकडच्या त्यांच्या गावी आम्ही गेलो, ऐटीत गेलो. परतताना मात्र सापुताऱ्याच्या घाटात माझी अब्रू गेली. उतार लांब, वळणामागून वळण, आणि धनश्री सारखा ब्रेक दाबतेय. माझ्या ब्रेकचं तेल कापडाखालच्या दिवसांपासूनचं, दमट हवेचं पाणी पिऊन बसलेलं. तापता तापता ते उकळलं आणि पेडल एकदम खाली गेलं. धनश्रीने गियर उतरवले, हँडब्रेक ओढला, आणि एका वळणावर, कठड्याला नाक टेकता टेकता, मी कशीबशी थांबले. नाना उतरले. मागून एसटी आली, तिला त्यांनी हात दाखवला आणि चढून निघून गेले. लेकीला एकटं रस्त्यावर ठेवून! तितके घाबरले होते ते.

ब्रेक गार झाल्यावर आम्ही हळूहळू घरी पोहोचलो, तेव्हा नाना आपल्या गावच्या बोलीत एवढंच बोलले, "हाई गाडी इकी टाक. मी परत बठाव नही."

विकून टाक! माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. धनश्री पण हट्टी, नानांचीच लेक. तिने रोज विषय काढला, आणि शेवटी नाना एका अटीवर तयार झाले. धनश्रीने माझे ब्रेक आणि सस्पेन्शन बदलायचं, दसऱ्याला त्याच घाटातून गावी जाऊन यायचं, आणि नाना एकदाच, फक्त एकदाच शेजारी बसणार. "भेव वाटनं ते इकी टाकानी. कबूल?"

"कबूल," धनश्री म्हणाली. नाना घाबरले तर मी विकली जाणार, माझा निकाल लागणार होता तो त्या एका फेरीत. त्या दिवसापासून नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या बाजूने जायची वेळ आली तर गल्लीच्या दुसऱ्या कडेने जायचे.

आता ऐका खरी गंमत! कामरेजला मगनभाईंचं गॅरेज आहे. तिथे धनश्रीने मला नेलं आणि निवड सुरू झाली. अहाहा, काय काय मांडलं होतं तिथे! टम्म फुगलेले लालभडक कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दोन पॅडमध्ये चिमटून धरणारे जबडे, भोकाभोकांच्या चकचकीत डिस्क, आणि मला जमिनीला टेकवतील अशा आखूड स्प्रिंगा. मी हरखूनच गेले. नटायला कुणाला नको असतं? धनश्रीचेही डोळे त्या लाल कॅलिपरवरून हलेनात.

मगनभाईंनी चहा मागवला आणि विचारलं, "बेन, देखावो जोइए के ब्रेक? पहले ये बोलो, गाडी चलानी कहाँ है?"

"घाटात. आणि नवागामच्या गल्लीत," धनश्री म्हणाली.

मग ते दोघे असे भांडले म्हणता! लाल कॅलिपर बसवायचे तर ते आत मावतील अशी मोठी चाकं घ्या. पुढेच मोठे ब्रेक लावले तर पुढचं चाक सगळा भार घेणार आणि मागचं नुसतं बघत बसणार. आखूड स्प्रिंगा लावल्या तर गल्लीच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट खरवडणार. शर्यतीचे पॅड घ्यावेत तर ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि भाजीबाजारात ते तापणार कधी? धनश्री एकेक गोष्ट हातात घ्यायची, उलटसुलट बघायची आणि खाली ठेवायची. मला दर वेळी वाटायचं, घे ना गं, किती छान दिसेन मी!

शेवटी तिने ठरवलं. चारही चाकांना खाचा असलेल्या साध्या, जाड डिस्क. घाटाची उष्णता सोसतील आणि गार असतानाही धरतील असे पॅड. रबराच्या नळ्यांऐवजी पोलादी जाळीच्या नळ्या, म्हणजे पेडलचा जोर वाटेत फुगण्यात वाया जायला नको. सर्वांत आधी ब्रेकचं नवं तेल, सहजी न उकळणारं. स्प्रिंगा थोड्या कडक, उंची जवळजवळ तीच. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉक तिची उसळी आवरतो, म्हणून शॉकही नवे, रस्ता बघून घट्ट-सैल करता येणारे. दिसण्यात काही फरक नाही! मी जरा रुसलेच. पण गॅरेजातून बाहेर पडून पहिल्या वळणावर गेले आणि काय सांगू, अंग झुकलंच नाही! चारही पाय जमीन धरून. ब्रेक दाबला की जागच्या जागी! मला ओरडावंसं वाटत होतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी धनश्रीने मला न्हाऊमाखू घातलं. आता एक सांगते, डिस्कचं लोखंड उघडं असतं. पाणी लागलं की सुरतेच्या हवेत रात्रीतून त्यावर तांबूस गंज चढतो आणि पहिल्या ब्रेकला पुसलाही जातो. हे धनश्रीला माहीत, मला माहीत. नानांना कुठून माहीत असणार?

सकाळी घरात तोरणाची गडबड चालली होती आणि नाना माझ्याकडे आले. स्वतःहून! हातात झेंडूची माळ. दसऱ्याला कारखान्यात माग थांबवायचे, पुसायचे, तेल द्यायचे, कुंकू लावायचे. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी माळ घातली. मग वाकून चाकात पाहिलं, गंज दिसला आणि चेहराच उतरला. आत जाऊन लूमच्या तेलाची जुनी कुपी घेऊन आले. चाकाच्या जाळीतून हात घालून, फडक्याने, चारही डिस्क त्यांनी तेल लावून लखलखीत केल्या. प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं. वर माझ्या बॉनेटवरून हात फिरवला.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! इतक्या दिवसांनी त्यांनी मला हात लावला म्हणून आनंदाने ऊर भरून आलेला, आणि ब्रेकला तेल म्हणून जिवाचा थरकाप. अहो नाना, मागाला तेल लागतं, पण ब्रेक घासल्यावरच धरतो हो! पण गाडीचं कोण ऐकतं?

सरलाबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. धनश्री बसली. नाना शेजारी बसले, पट्टा आवळून, डोळे मिटून. लिंबं फुटली, मी निघाले. गल्ली संपण्याआधी ब्रेक दाबून पाहायची धनश्रीला सवय, म्हणून तिने पाय ठेवला. पेडल घट्ट, आणि मी आपली चाललेय पुढे! हँडब्रेक ओढला, तोही त्याच डिस्क धरणारा, तोही घसरला. समोर हिलाल फुलवाल्याचा झेंडूचा ढीग. धनश्रीने गियर टाकून इंजिन बंद पाडलं, मी गचकन हिसका खाल्ला आणि नाकापर्यंत झेंडूत घुसून थांबले.

हिलाल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, फुलं किलोवर घ्या ना, गाडीनं काय घेता?"

कुणाला लागलं नव्हतं. पण नाना पांढरेफटक पडले होते. संपलं, मला वाटलं. आता मला विकणार. धनश्री खाली उतरली, चाकाजवळ वाकली, बोट लावलं, आणि बोटाला तेल आणि कुंकू.

"नाना?" तिने विचारलं.

"मी लाई दिन्हं," नाना पुटपुटले. "गंज दिखना मले. कोरडं लोखंड गंजस, माय. तुन्ही गाडी शे ना."

मागून सरलाबाई धावत आल्या. "तुम्हनं डोकं अजून लूममाच शे!" त्या कडाडल्या. धनश्री मात्र रागावली नाही. रस्त्यातच तिने नानांच्या गळ्यात हात टाकले आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. नाना आपले तेलकट हात तिच्या नव्या ड्रेसला लागू नयेत म्हणून हवेत धरून उभे.

धनश्रीने फोन केला तसे मगनभाई सणाचे फाफडा-जलेबी घेऊनच स्कूटरवर आले. तेल प्यायलेले पॅड पार गेले होते. त्यांनी तसेच नवे पॅड आणले होते, डिस्क धुवायचा फवाराही. चाकं उतरली, डिस्क स्वच्छ झाल्या. नाना शेजारी उकिडवे बसून बघत होते आणि एकेक विचारत होते. मग मगनभाई म्हणाले, "अब पॅड बिठाने पडेंगे. काका, साथ में जाओ."

नवे पॅड डिस्कवर बसवायचे तर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, आणि मग गार होईपर्यंत सावकाश चालायचं. सुट्टीमुळे इच्छापोरचा कारखान्यांमधला रस्ता मोकळा पडला होता. नाना पुन्हा डोळे मिटून बसले. धनश्रीने मला पळवलं. अशी पळाले म्हणता! आणि ब्रेक! नाना पुढे झुकले, पट्ट्याने धरले, डोळे उघडले. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. मी जराही वाकडी झाले नाही. पॅडचा जळका वास सुटला तसे नाना चपापले, पण हा वास चांगला, हे धनश्रीने सांगितलं. नंतर नंतर ते डॅशबोर्डवर थाप मारायला लागले.

"बस झालं ना नाना?"

"आखो एकडाव!" नाना ओरडले. आणखी एकदा! मला असं वाटलं की झेंडूच्या माळेसकट उडी मारावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. परतताना तोच घाट आला आणि खरं सांगते, मला धाकधूक होत होती. मोकळ्या रस्त्यावरची मजा वेगळी आणि हा उतार वेगळा. नानांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता. वळणामागून वळण गेलं, पेडल तसंच घट्ट. तो कठडा दिसला आणि नाना म्हणाले, "थांबाड."

मी थांबले, अगदी सांगितल्या जागी. नाना उतरले. तेवढ्यात मागून एसटी आली. माझं इंजिन धडधडायला लागलं. धनश्रीने स्टिअरिंग घट्ट धरलं.

मित्रांनो, तेवढ्यात एक सांगून घेते. तुमच्या घरी सायकल असो, स्कूटर असो, तिला जोर किती हे बघण्याआधी तिला थांबता येतं का ते बघा. ब्रेकचं तेल वेळच्या वेळी बदला, आणि डिस्कला मात्र तेलाचं बोटही लावू नका. आणि कुणी मायेने लावलंच, तर त्याच्यावर ओरडू नका. शेजारी बसवा आणि फिरवून आणा.

तर एसटी आली. रस्त्याच्या कडेला म्हातारा माणूस उभा बघून ड्रायव्हरने वेग कमी केला, दार उघडलं. नानांनी माझ्या चाकाशी वाकून, हात न लावता, नुसता तळवा धरून ऊब पाहिली. मग ते ताठ उभे राहिले आणि एसटीला हात हलवून मोठ्याने म्हणाले, "जा भाऊ, जा! आमनी घरनी गाडी शे!"