गाडीला बांधलेला फेटा

कलेक्टरसाहेब, तो फेटा तुम्हीच बांधलात. पाचशे माणसांनी बघितलं. फोटोवाल्यानं तुम्हाला तीनदा वाकायला लावून फोटो काढला. आणि आता तुमच्या कागदात फेट्याचं नावसुद्धा नाही. कागदात आहे ते खाजा मिस्त्रीचं नाव. ‘सदर इसमाने मोटारीत परस्पर फेरफार केला.’ केला. खाजा स्वतःच सांगतो की केला. पण काय केला आणि कशापायी केला, हे तुम्ही विचारलं नाही. म्हणून आधी ते ऐका.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि धड पाऊस होऊन तीन. श्रावण लागला तरी माळावर हिरवं कुसळ नव्हतं. त्या माळावर रोजगार हमीच्या बायांनी उन्हाळाभर खडी फोडून एक लांबलचक पट्टी केली होती. विमान उतरणार होतं म्हणे. विमान काही आलं नाही. मग जिल्ह्याच्या वाढदिवसाला, झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी, त्या पट्टीवर मोटारींची शर्यत, एका वेळी एकच गाडी, घड्याळावर, लावायची टूम निघाली. कुणाच्या डोक्यातनं निघाली, ते तुम्हाला ठाऊक आहे.

शर्यतीसाठी अर्धापूरच्या केळीवाल्या आप्पासाहेबांचा धाकटा, मन्मथ, आपली लाल गाडी घेऊन आला. दोन सीटांची, बुटकी, परदेशी. नांदेडात तिला हात लावायला कुणी तयार होईना म्हणून तो लातूरला खाजाच्या गॅरेजात आला.

“उस्ताद, बसा बाजूला. एकदा पट्टीवर फिरवून दाखवतो.”

खाजा बसला. आयुष्यात त्यानं ट्रकची इंजिनं उतरवली, ट्रॅक्टर उघडले, पण असल्या वेगात तो कधी बसला नव्हता. पट्टीच्या दोन्ही टोकांना ड्रम ठेवलेले. मैलभर सुसाट जायचं, दाबून ब्रेक मारायचा, ड्रमाला वळसा घालून परत. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला मन्मथनं ब्रेकवर पाय दिला आणि पेडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. ड्रम उडाला, गाडी माळावर शंभर पावलं उधळली आणि एका बांधाला टेकून उभी राहिली. खाजाच्या तोंडात माती होती. दोन्ही हातांनी त्यानं सीट धरली होती आणि बोटं काही केल्या सुटेनात.

“काय झालं, उस्ताद?” मन्मथचा आवाज बारीक झाला होता.

“चाकातली थाळी तापली. तिच्या धगीनं ब्रेकचं तेल उकळलं. उकळलं की बुडबुडे. बुडबुड्यावर पाय दाबून गाडी थांबत न्हाई, मालक.”

“मग काय करायचं?”

“फुंकर मारायची.”

“कोण मारणार? तुम्ही धावणार बाजूनं?”

“गाडीच मारल की. पळती तवा समोरनं वारं येतंच. ते गोळा करून थाळीवर सोडायचं.”

हाच तो फेरफार. आप्पासाहेबांच्या मळ्यातली विहीर आटलेली, तिचा सक्शन पाईप नुसता पडून होता. जाड, काळा, वळ्यावळ्यांचा. मन्मथनं तो कापून आणला. खाजानं डालड्याच्या डब्यांचे पत्रे ठोकून दोन नरसाळी केली आणि ती पुढच्या बंपरखाली बसवली, तोंडं समोर. नरसाळ्यातनं पाईप आत, चाकापर्यंत. थाळीजवळचा शेवटचा वीतभर भाग पत्र्याचा, कारण पाईप वितळला असता. स्टेअरिंग पुरं वळवलं की पाईप टायरला घासायचा, म्हणून सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून तो मागं बांधला. चार दिवस गेले त्यात. मग पुन्हा पट्टीवर. दहा फेऱ्या झाल्या, पेडल जागच्या जागी. खाजानं उतरून थाळीजवळ हात नेला. धग होती, पण हात टिकत होता.

“फक्त तोंडं मोकळी पाहिजेत,” तो मन्मथला म्हणाला. “कागद, पाला, काही अडकलं तर खेळ खलास.”

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी टँकर आले. प्यायला नव्हे. पट्टीवर धूळ उडते, पाहुण्यांच्या डोळ्यांत जाते, म्हणून पाणी मारायला. ज्या गावात बारा दिवस नळाला थेंब नव्हता, त्या गावाच्या वेशीबाहेर खडीवर पाणी मारलं. टँकरमागं बाया घागरी घेऊन पळत होत्या. शेवटी तुम्हीच फर्मावलंत की उरलेला एक टँकर पट्टीच्या टोकाला, बाभळीखाली लावा आणि बायांना तिथं पाणी द्या, म्हणजे मंडपापाशी गर्दी नको. पट्टीच्या टोकाला, साहेब. गाडी सरळ ज्या तोंडाला येते, त्या टोकाला.

त्या रांगेत खाजाची बायको दिलशाद होती. “तिथं टँकर येणार हाय, डबे घेऊन चल,” असं खाजानंच तिला सांगितलं होतं. तिच्यापुढं धुरपताबाई. बौद्धवाड्यातली, ह्याच पट्टीवर पाच महिने खडी फोडलेली.

“जयभीम, खाजाभाऊ,” ती लांबूनच ओरडली. “ह्या पट्टीत माझ्या दोन बोटांची नखं गेलीत. इमान आलं की पहिल्यांदा मी बसणार, सांगून ठेव तुझ्या साहेबाला!”

खाजा हसला. त्या दिवशीचं त्याचं ते शेवटचं हसणं.

मंडपात सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, हार. मन्मथच्या डोक्यावर हेल्मेट, त्याला फेटा कसा बांधणार? तेव्हा तुम्हाला सुचलं, “मग गाडीलाच बांधू. गाडी आपल्या जिल्ह्याची लेक!” टाळ्या पडल्या. तो केशरी, जरीकाठी फेटा तुम्ही बंपरला गुंडाळलात, दोन वेढे आवळून, आणि शेमला खाली सोडलात. डाव्या नरसाळ्याचं तोंड वेढ्यांनी झाकलं. उजव्यावर शेमला लोंबला.

खाजानं ते बघितलं. तो पुढं झाला. पट्टेवाल्या रेवणप्पानं त्याच्या छातीला हात लावला.

“ए मिस्त्री, आधी हात बघ तुझे. साहेबांच्या हातचा फेटा हाय त्यो.”

खाजानं हात बघितले. काळे, तेलकट. फेटा म्हणजे इज्जत. पाचशे माणसांदेखत तो ओढून काढायचा, तोही ह्या हातांनी, तोही खाजानं. उद्या गावात काय बोलतील, रात्री मोहल्ल्यात कोण येईल, ह्याचा हिशेब भीतीनं एका श्वासात करून टाकला. तरी तो रेवणप्पाच्या खांद्यावरनं बोलला.

“साहेब, तेवढं कापड... हवा जायला जागा...”

तुम्ही वळलात. हसलात. “अरे, हवा सगळीकडंच असते!”

मंडप हसला. खाजा मागं सरला. मन्मथ गाडीत बसलेला, इंजिन घुमत होतं, त्याला बंपरखालचं काही दिसत नव्हतं. झेंडा पडला.

ब्रेक कुठं मारायचा ते कळावं म्हणून खाजानं मंडपापाशी पट्टीवर चुन्याची रेघ ओढली होती. आता तो त्या रेघेवर डोळे लावून उभा राहिला. पहिल्या फेरीत मागचा लाल दिवा बरोबर रेघेवर लागला. दुसऱ्यात रेघेवर. तिसऱ्यात रेघेच्या अलीकडं. चौथ्यात वीस पावलं अलीकडं. पोराला पेडल मऊ लागतंय, हे खाजाला उभ्या जागी आपल्या तळपायात कळलं. फेटा वाऱ्यानं नरसाळ्यांत आत ओढला गेला होता, बोळा कोंबावा तसा.

खाजानं खिशातलं लाल फडकं काढून हलवलं. थांब, थांब! पण सगळा मंडपच टोप्या आणि उपरणी हलवत होता. मन्मथनं त्याच्याकडं बघून हात उंचावला. पाचव्या फेरीत चाकातनं धूर आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गाडी पलीकडच्या टोकाला निघाली. परत येईपर्यंत जेमतेम दीड मिनिट. खाजा टँकरकडं पळत सुटला. दोनशे पावलं. पायात वहाण राहिली नाही.

“हटा! बाजूला व्हा! गाडी येती! तिला ब्रेक न्हाई!”

बायांनी त्याच्याकडं बघितलं आणि आपापल्या घागरीकडं बघितलं. कुणी हललं नाही. दुष्काळातली रांग आहे ती. सकाळपासनं धरलेला नंबर कुणी ‘हटा’ म्हटल्यानं सोडत नसतं. जागा माणसाची नसते, घागरीची असते. घागर हलली की नंबर गेला.

“दिलशाद, चल!”

“अजी, मेरा नंबर जाता ना!” ती चिडून म्हणाली. “दो डब्बे तो भरने देव!”

मागं इंजिनाचा आवाज वळला. गाडी सरळ पट्टीला लागली.

मग खाजानं जे केलं ते त्या बाया अजून सांगतात. त्यानं घागरींच्या रांगेवर लाथ घातली. पितळी, पत्र्याची, मातीची, जे समोर येईल ते. डबे उचलून उतारावर भिरकावले. मातीची एक घागर फुटली. मोठा शिमगा झाला. “मुडदा बशिवला ह्याचा! येडं लागलं का रे भाड्या!” शिव्या घालत, दगड उचलत सगळ्या बाया घरंगळणाऱ्या घागरींमागं उताराला पळाल्या. दिलशाद पण. एक दगड खाजाच्या कानाला लागला. लागू दे. पळा.

धुरपताबाई तेवढी राहिली. तिची कळशी नळीखाली होती, नळ चालू होता. ती दोन पावलं पळाली आणि मागं फिरली. पाणी वाया चाललं होतं ना! बारा दिवसांनी मिळालेलं पाणी मातीत सोडून ती कशी जाईल? ती कॉक बंद करायला वाकली.

खाजानं तिचं नाव घेऊन हाक मारली. ती हाक तिला पोचली की नाही, हे त्याला आजही माहीत नाही. गाडी चुन्याची रेघ ओलांडून आली होती आणि तिचा वेग कमी होत नव्हता. मन्मथनं वळवायचा प्रयत्न केला. ड्रम उडाला. लाल नाक आडवं येऊन टँकरच्या मागच्या चाकात घुसलं.

मन्मथच्या तीन बरगड्या मोडल्या. आप्पासाहेब त्याला नांदेडला घेऊन गेले आणि तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. धुरपताबाईचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. शुद्ध आली तेव्हा पहिला प्रश्न तिनं विचारला, “कॉक बंद झाला व्हता का?”

आणि चौकशी लागली. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल, टेबलामागं तुम्ही. फेटा बांधणाराही तुम्ही आणि चौकशी करणाराही तुम्हीच. कारकुनानं वाचून दाखवलं, डालड्याचे पत्रे, सक्शन पाईप, परस्पर फेरफार, बायांच्या घागरींची नासधूस. पंचनाम्यात फेटा नाही. पंच यायच्या आधी तो कुणीतरी सोडून नेला होता.

अकरा दिवस खाजाला झोप नव्हती. दारावर कडी वाजली की तो मागच्या खोलीत जायचा. दिलशादनं एकदाच विचारलं होतं, “वो कपडे का तुकडा फेंक दिये ना?” त्यानं ‘हो’ म्हणून मान हलवली होती. फेकला नव्हता.

“सही कर,” कारकून म्हणाला.

खाजानं सदऱ्याच्या आतनं कागदाची पुडी काढली. ती टेबलावर उघडली आणि वर हात दाबून ठेवला. पुडीत वीतभर केशरी कापड. एका कडेला जर, दुसरी कड जळून काळी.

“उजव्या पाईपात, आत अडकलेलं सापडलं,” तो म्हणाला. “साहेब, मला दिसलं व्हतं आन् मी भ्यालो. एकदा बोललो, दुसऱ्यांदा बोललो न्हाई. धुरपताबाईच्या पायात माझा तेवढा गुन्हा हाय, तेवढा लिहा, मी सही करतो. घागरी फोडल्या तेबी लिहा.”

कारकुनाचा पेन थांबला. रेवणप्पा दारातनं पुढं आला. तरी खाजानं त्या कापडावरचा काळा हात उचलला नाही.

“आता तुमचं लिहा. हवा सगळीकडंच असती, म्हणला व्हता तुम्ही. मग ह्या नळीत का नव्हती? बोला, साहेब. का नव्हती?”