माझा चौथा परिच्छेद

मित्रांनो, मी एक जुनी नोंद आहे. आंतरजालावर एक ज्ञानकोश आहे, कुणीही वाचावा आणि कुणीही सुधारावा असा. त्यात मी राहते. कीटकनाशकांच्या एका कारखान्याची माहिती माझ्यात आहे. तुम्हाला वाटतं, तुम्ही मला वाचता. पण पडद्यावर मला उघडलं की समोरचा चेहरा आणि त्यामागची खोली मलाही दिसते. कोण वाचता वाचता जेवतो आणि कोण न वाचताच गृहपाठात उतरवतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझा जन्म रसायनशास्त्राच्या एका निवृत्त बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. बाई एका बोटाने टंकायच्या. कारखाना कधी उभा राहिला, काय बनवतो, माणसं किती, हे तीन परिच्छेद दोन दिवसांत झाले. चौथ्याला अडीच महिने लागले. तो गळतीचा होता. तीन नंबरच्या टाकीची झडप फुटली, अकरा कामगारांचे डोळे गेले, आणि ती झडप वर्षभर बदललीच नव्हती असं चौकशी समितीने नोंदवलं. वाक्यं सहाच, पण प्रत्येकाखाली पुरावा. समितीच्या अहवालासाठी बाईंनी सरकारी ग्रंथालयात नऊ खेपा घातल्या.

त्या अकरांतला एक बाईंचा धाकटा भाऊ. तो खिडकीपाशी बसून मटार सोलायचा.

"ताई, माझं नाव घातलंस का गं?"

"नाही रे. नुसते अकरा."

"बरं केलंस. नाहीतर फोटो मागतील, आणि माझा एक धड नाही."

पुढची काही वर्षं माझी चांगली गेली. वार्ताहर माझा आधार घेत, शिक्षक मुलांना मला वाचायला सांगत. एकदा तर उत्तम नोंद म्हणून मला तारा मिळाला. "बघ, बघ, तारा!" बाई ओरडल्या आणि त्यांनी जीभ चावली. भाऊ हसून म्हणाला, "वाचून दाखव की."

मग कारखान्याने दुसऱ्या एका गावात जागा मागितली. द्यायची की नाही, ते गावची सभा ठरवणार होती. त्याच सुमारास मी एका काचेच्या खोलीत उघडले जाऊ लागले. ती कारखान्याने नेमलेली जनसंपर्काची कंपनी होती. तिथल्या एका मुलीला सगळे 'इस्त्री' म्हणत. वाक्यांच्या सुरकुत्या काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पुसायचं नाही हं," साहेब तिला म्हणाले. "पुसलं की बोभाटा होतो. नुसतं मऊ कर."

इस्त्रीकडे पाच टोपणनावं होती. त्यांतल्या एकाने आधी सहा महिने पक्ष्यांच्या नोंदींत स्वल्पविराम लावले होते. भरवसा असाच मुरवतात, मित्रांनो! सोमवारी 'फुटली'चं 'निकामी झाली' झालं. बुधवारी 'डोळे गेले'चं 'दृष्टीवर परिणाम झाला' झालं. शुक्रवारी 'अकरा'चे 'काही' झाले. प्रत्येक बदलापुढे कारण एकच, 'किरकोळ दुरुस्ती'. शिवाय खाली कारखान्याच्या बागेवर तीन परिच्छेद वाढले. मी अंगाने भरले आणि आतून पोकळ झाले.

बाई रोज सकाळी जुनी वाक्यं परत लावत, दुपारपर्यंत ती पुन्हा मऊ झालेली असत. शेवटी भांडण प्रचालकाकडे गेलं. प्रचालक म्हणजे कोशातले तंटे मिटवणारा स्वयंसेवक. हा एरवी औषधांच्या दुकानात असे आणि गिऱ्हाईक नसलं की निवाडे करी. ज्याचा विषयात हितसंबंध आहे त्याने त्या नोंदीत लिहू नये, असा नियम आहे. त्याने सहाही जणांना विचारलं, "या कारखान्याशी तुमचा काही संबंध?"

पाच टोपणनावांनी पाच वेळा 'नाही' लिहिलं. लिहिणारी बोटं मात्र एकाच हाताची होती.

बाईंचं बोट हवेतच थांबलं.

"नाही म्हण की, ताई. कोण बघायला येतंय?"

"पस्तीस वर्षं पोरांना कॉपी करू दिली नाही. आता मी करू?"

त्यांनी लिहिलं, 'होय. त्या अकरांत माझा सख्खा भाऊ आहे.'

दुपारी निकाल लागला. बाईंचा हितसंबंध उघड आहे, त्यांनी या नोंदीला हात लावू नये. बाकीचे पाच तटस्थ. प्रचालक वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त कबूल झालेलं तेवढंच धरलं.

त्या आठवड्यात माझा चौथा परिच्छेद एका वाक्यावर आला. 'सुरुवातीच्या काळात उद्भवलेली एक तांत्रिक अडचण तातडीने दूर करण्यात आली.'

गावच्या सभेत मला मोठ्या पडद्यावर लावलं. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. "काहो, तिथे काहीतरी झालं होतं ना?" सचिवांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"तांत्रिक अडचण होय! ती आमच्या पंख्याला रोज येते," कुणीतरी म्हणालं. सभा खदखदून हसली आणि भराभर हात वर झाले. विरोधात एकच हात राहिला, आजींचा. तोही शेजारणीने ओढून खाली केला.

मित्रांनो, माझ्या माथ्यावर 'इतिहास' नावाचं बटण असतं. ते दाबलं की माझं प्रत्येक जुनं रूप दिसतं, कुणी काय केव्हा बदललं तेही. ती सहा वाक्यं तिथे जशीच्या तशी आहेत. त्या सभेत दोनशे माणसं होती. ते बटण कुणी दाबलं नाही. तुम्ही तरी दाबत जा. त्याने आता काही टळेल असं मात्र मी म्हणणार नाही. त्या गावात टाक्या उभ्या राहिल्या आहेत. झडपा कुणी तपासतं का, ते माझ्यात लिहिलेलं नाही.

बाई अजून रोज सकाळी मला उघडतात. हात लावत नाहीत. निकालाचं भावाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "राहिला रे आपला परिच्छेद." पस्तीस वर्षांत जे केलं नाही, ते त्यांनी तेव्हा केलं.

"चौथा वाच ना, ताई," तो मटार सोलता सोलता म्हणतो.

आणि बाई माझ्याकडे बघत, माझ्यात नसलेली सहा वाक्यं एकामागून एक वाचून दाखवतात.