घोटभर कॉफी, गाडी येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. रंग हिरवा, म्हणजे जिथे उरलाय तिथे. पोटाला एक पोचा आहे, तो रुळांतल्या खडीवर पडल्याचा. झाकण हाच माझा पेला. सकाळची कॉफी मी संध्याकाळपर्यंत वाफाळती ठेवतो, आणि या एका गुणावर मी जन्मभर मिरवलो.

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळरानावरच्या एका लहान गावात डॅरियाने मला नवऱ्यासाठी विकत घेतलं. ओरेस्ट तेव्हा नुकताच मालगाडीचं इंजिन चालवू लागला होता. त्याआधी काही वर्षं त्याने डबे जोडले, सोडले, पडेल ते केलं. धंदा मंदावला की नव्यांना आधी घरी बसवत, तसा तो दोनदा घरीही बसला. चालकाची खुर्ची मिळाली तेव्हा मात्र पगार गावच्या मास्तरापेक्षा जास्त झाला. लोक म्हणाले, ओरेस्टने नशीब काढलं. त्या पगाराच्या बदल्यात घरातून ओरेस्टच गेला, हे फक्त डॅरियाला दिसलं.

कारण या नोकरीला घड्याळ नव्हतं. फोन वाजला की दोन तासांत हजर व्हायचं. ईस्टरच्या जेवणावर फोन, पोरीच्या लग्नातल्या नाचातही फोन. डॅरिया डोळे चोळत मला भरायची. पुढचं मी पाहायचो. ब्रेक तपासायचे, मैल-दोन मैल लांब गाडी चढउतारावर तुटू न देता न्यायची, प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणायचा. शेजारी बसलेला जोडीदार गॉर्डी तो परत म्हणायचा. डोळा लागला नाही हे कळावं म्हणून बटण दाबत राहायचं. मग पलीकडच्या टोकाला परक्या खोलीत झोपायचं आणि परत निघायचं.

"म्हाताऱ्या, तुझी बायको मला आधी का नाही भेटली?" गॉर्डी माझ्यातली कॉफी ओतून घेत विचारायचा.

"भेटली असती तर तुलाच कॉफी करायला लावली असती."

गावाच्या फाटकाशी ओरेस्ट भोंगा द्यायचा. नियमाने सगळेच देतात, पण शेवटचा सूर तो जरा लांबवायचा. डॅरिया घराच्या पायरीवर येऊन हात हलवायची, हा इंजिनातून हात वर करायचा. निम्मा संसार असाच झाला.

"एकदा तरी माझ्यासमोर बसून पी ना रे," डॅरिया म्हणायची. "दरवेळी भरूनच द्यायची, मी काय खानावळ आहे?"

"निवृत्त झालो की रोज! पुरी पेन्शन पदरात पडू दे, दोनच वर्षं."

दोनाची चार झाली. एकदा माझं झाकण उघडलं तर आत कोमट बोर्श्त, बिटाचं सूप! गॉर्डी पोट धरून हसला, ओरेस्टही हसला. पुढच्या खेपेला नुसतं गार पाणी निघालं.

"कशी आहे आज?" गॉर्डीने विचारलं.

"फक्कड," ओरेस्ट म्हणाला, आणि ते पाणी तो पिऊन गेला. मग माझं झाकण त्याने स्वतःच घट्ट लावलं.

त्याने रजा मागितली. माणसं कमी आहेत, असं उत्तर आलं. गाड्या वर्षावर्षाला लांबत होत्या आणि माणसं घटत होती. ओरेस्टने कसेबसे उरलेले महिने काढले. निरोपाला कंपनीने त्याला घड्याळ दिलं. आयुष्यभर ज्याला वेळ मिळाला नाही, त्याला घड्याळ! मी गॅरेजात रंगाच्या डब्यांमागे गेलो. वाईट वाटलं, पण म्हटलं, आता ही दोघं पेल्यांतून पितील, आपलं काय काम?

एका सकाळी डॅरियाने मला शोधून काढलं. धुतलं, कॉफी भरली, अगदी पूर्वीसारखी, आणि मला मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. ओरेस्ट धावत आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आण, डॅरिया. पिऊया."

तिने मला छातीशी धरलं. "तुम्ही जरा बाजूला सरा. ही माझ्या नवऱ्याची आहे. गाडी येईल त्याची."

आयुष्यभर 'अरे' म्हणणारी बाई त्याला 'तुम्ही' म्हणाली.

भोंगा वाजला. चालकाच्या खुर्चीत आता गॉर्डी असतो. उस्तादाची आठवण म्हणून तो शेवटचा सूर लांबवतो. डॅरिया उठून दोन्ही हात हलवू लागली. ओरेस्टनेही तिच्यामागे उभं राहून हात वर केला, इंजिनातून करायचा तसाच. पण ती गाडीकडे बघत होती. शेवटचा डबा गेला तशी ती मटकन खाली बसली.

"आजही थांबला नाही," ती म्हणाली. मग तिने वळून पाहिलं. "तुम्हीपण कोणाची वाट बघताय?"

"हो, बायकोची."

"येईल का ती?"

"उशीर मीच केला, बाई."

"असं नका म्हणू. या, बसा. घोटभर घ्या. माझा नवरा मनाचा मोठा आहे, रागवायचा नाही."

माझं झाकण भरून तिने त्याच्या हातात दिलं. तो तिच्यासमोर बसला आणि प्यायला. डोळ्यांना धार लागली होती.

"कडू झाली का?"

"नाही," तो म्हणाला. "गरम आहे."

मित्रांनो, मला धूत जा, आपटू नका, हे मी सांगायला हवं खरं. पण माझा पोचा राहू द्या. गरम ते नंतरसाठी ठेवणं हे माझं काम आहे, तुमचं नव्हे. माणूस समोर आहे ना? मग आत्ताच ओता.